काउंटी क्लर्क (केंटकी)

काउंटी क्लर्क हे अमेरिकेच्या केंटकी राज्यातील काउंटी पातळीवरील निर्वाचित पद आहे. राज्यात १२० काउंटी असून प्रत्येकीत हे पद असते. जुन्या कागदपत्रांत याच अधिकाऱ्याचा उल्लेख 'काउंटी न्यायालयाचा क्लर्क' असा येतो. नावावरून हा हाताखालचा कारकून वाटण्याचा संभव असला, तरी तो मतदारांनी निवडलेला स्वतंत्र कार्यालयप्रमुख असतो.

इतिहास

केंटकी १७९२ मध्ये व्हर्जिनियापासून वेगळे होऊन राज्य बनले आणि काउंटी न्यायालयाची पद्धत त्याने तेथूनच घेतली. हे न्यायालय किरकोळ खटल्यांबरोबर रस्ते, कर, मृत्युपत्रे असा स्थानिक कारभारही पाही आणि त्याचे दप्तर क्लर्ककडे असे. गुलामगिरीच्या काळात या दप्तराला विशेष महत्त्व होते. मालकाने लेखाने किंवा मृत्युपत्राने मुक्त केलेल्या व्यक्तीस क्लर्क शिक्क्यानिशी दाखला देई. स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी त्या व्यक्तीजवळ बहुधा एवढाच भक्कम पुरावा असे. आज कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वंशेतिहासाचे अभ्यासक याच नोंदवह्यांचा आधार घेतात.

१९७५ च्या संविधान दुरुस्तीनंतर काउंटी न्यायालयाचे न्यायदानाचे अधिकार १९७८ पासून नव्या जिल्हा न्यायालयाकडे गेले. क्लर्कचे पद मात्र टिकले. खटल्यांचे दप्तर सांभाळणारा 'सर्किट न्यायालयाचा क्लर्क' हा वेगळा निर्वाचित अधिकारी असून या दोन पदांत अनेकदा गल्लत होते.

निवड

कार्यकाल चार वर्षांचा असतो. उमेदवाराची परीक्षा घेतली गेली असून तो पदास पात्र आहे, असे न्यायाधीशाचे प्रमाणपत्र राज्य संविधानाने आवश्यक ठरवले आहे. कार्यालयाचा खर्च मुख्यतः नोंदणी व परवान्यांच्या शुल्कातून भागतो.

कार्ये

जमिनीचे खरेदीखत, गहाणखत आणि मृत्युपत्र यांची नोंद क्लर्कच्या कार्यालयात होते. दस्तावर पक्षकारांची नावे व पत्ते, मोबदल्याची रक्कम, मसुदा तयार करणाऱ्याची सही इत्यादी बाबी आहेत की नाहीत, हे तो तपासतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का, हे ठरवणे त्याचे काम नाही. तरीही नोंदीला मोठी किंमत आहे. नोंद न झालेले खरेदीखत, त्याची माहिती नसताना मोबदला देऊन तीच जमीन घेणाऱ्या नंतरच्या खरेदीदाराविरुद्ध टिकत नाही.

वाहनांची नोंदणी आणि थकीत मालमत्ता कराच्या देयकांचे काम याच कार्यालयात चालते. काउंटी निवडणूक मंडळाचे अध्यक्षपदही क्लर्ककडे असते. महाराष्ट्रात अशी कामे दुय्यम निबंधक, विवाह निबंधक, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि निवडणूक यंत्रणा यांच्यात विभागलेली आहेत.

विवाहाचा परवानाही क्लर्क देतो. तो ३० दिवस वैध असतो. विवाह लावणारी व्यक्ती परवान्यासोबतचे प्रमाणपत्र भरून परत पाठवते आणि मग विवाहाची नोंद होते.

विवाह परवान्यांचा वाद

२६ जून २०१५ रोजी 'ओबर्गफेल विरुद्ध हॉजेस' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. रोवान काउंटीच्या क्लर्क किम डेव्हिस यांनी धार्मिक श्रद्धेचे कारण देऊन सर्वच जोडप्यांना परवाने देणे थांबवले. परवान्यावर क्लर्कचे नाव छापले जाते, त्यामुळे तो देणे म्हणजे अशा विवाहास संमती देणे होय, अशी त्यांची भूमिका होती. परवाना देणे हे कायद्याने नेमून दिलेले काम आहे, त्यात अधिकाऱ्याच्या वैयक्तिक संमतीचा प्रश्न येत नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दल संघीय न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी ३ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांना कोठडीत पाठवले. दुसऱ्याच दिवशी उपक्लर्कांनी परवाने देण्यास सुरुवात केली आणि ८ सप्टेंबरला डेव्हिस यांची सुटका झाली.

२०१६ मध्ये राज्याने कायदा करून परवान्याच्या नमुन्यातून क्लर्कचे नाव वगळले. २०१८ च्या निवडणुकीत डेव्हिस पराभूत झाल्या. परवाना नाकारलेल्या एका जोडप्यातील दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय २०२३ मध्ये ज्युरीने त्यांच्याविरुद्ध दिला.