वीत, काठी, पट्टी : मुलांना लांबी शिकवण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी आपल्याला आधी आठवतात. आज मी मुलांच्या दप्तरातल्या एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. तिला आपण घरोघर फूटपट्टी म्हणतो. लहान पट्टी १५ सेंटिमीटरांची, म्हणजे जेमतेम अर्धा फूट. मोठी ३० सेंटिमीटरांची, म्हणजे फुटाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर कमी. तिच्यावर पूर्ण फूट बसतच नाही, तरी नाव तेच टिकले आहे. त्याआधीची कितीतरी नावे मात्र गेली. ती कशी गेली आणि त्यांच्याबरोबर शिकवण्यातले काय गेले, हा आजचा विषय. आलेख समोर आला की मूल गोंधळते, ही आजच्या पालकांची तक्रार असते. तिचे मूळही याच इतिहासात आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात जुन्या ग्रंथापासून करू. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तिच्यात बेरीज-वजाबाकीच्या आधी परिभाषा येते, म्हणजे मापांची ओळख. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड. धान्याच्या दाण्यापासून बोटापर्यंत आणि बोटापासून हातापर्यंत हा जिना चढत जातो. बारा अंगुळांच्या मापाला संस्कृतात वितस्ति म्हणत. तीच आपली वीत. गुजरातीत ती वेंत झाली. आपल्या शेजारी कानडीत तिला गेणु म्हणतात आणि हाताला मोळ. तेलुगूत हात म्हणजे मूर. बेळगाव आणि हैदराबादकडच्या आपल्या मंडळींनी हे शब्द फूलबाजारात ऐकले असतील. भाषा बदलली तरी मापायला हातच पुढे होतो.

पण हात कोणाचा? सारा ठरवायचा झाला की हा प्रश्न पोटापाण्याचा होतो. शिवाजी महाराजांच्या जमीनमोजणीची माहिती कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी मुक्कामी लिहिलेल्या बखरीत दिली आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हात चौदा तसूंचा. सगळी काठी ऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. हिशोब करून पाहा. पाच हातांचे सत्तर तसू झाले, उरलेले दहा पाच मुठींचे, म्हणजे मूठ दोन तसूंची. नावे शरीराची ठेवली, पण माप शरीरापासून सोडवून काठीत बांधले. मोजणारा उंच असो वा बुटका, शेतकऱ्याचा बिघा तेवढाच राहिला. प्रमाणित माप म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

हे उदाहरण पंतोजींच्या शाळेत मात्र कामी आले नाही. तिथे धुळपाटीवर अंक गिरवायचे, उजळणी म्हणायची, कोष्टके तोंडपाठ करायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने औट हात, असे आपण मानत आलो. किती मुलांना कोणी दोरी देऊन ते पडताळायला लावले असेल? स्वतःच्या उंचीची दोरी कापून ती स्वतःच्या हाताने मोजली की उंच मुलाचे आणि ठेंगण्या मुलाचे उत्तर जवळजवळ सारखे येते, साडेतीनच्या वर थोडे. यात गणितही आहे आणि गंमतही. शाळेने गंमत सोडली आणि घोकणे तेवढे ठेवले.

पुढे मापांचा गोंधळ वाढत गेला. इंग्रजी अमदानीत मुंबईचा गज २७ इंचांचा होता, त्याचे २४ तसू आणि हात १६ तसूंचा, म्हणजे १८ इंच. बंगालचा गज ३६ इंचांचा. हिंदी मुलखात गजाचे सोळा गिरह करीत. आपली कुटुंबे नोकरी-चाकरीसाठी बडोद्याला, इंदूर-ग्वाल्हेरला गेली, तेव्हा सामानाबरोबर मापेही घेऊन गेली. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, अठरा हात. आज दुकानदार ते मीटरवर मोजतो, सव्वाआठ मीटरांच्या आतच भरते, तरी सव्वाआठ मीटरांचे लुगडे कोणी मागत नाही.

हा गोंधळ १९५६ च्या वजन-माप कायद्याने संपवला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत मीटर-किलो सगळीकडे रूढ झाले. देशाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. औटकीला मात्र हिशोबात काम उरले नाही. वर्गात एक चूक झाली, ती अशी की इंचांचे सेंटिमीटर करण्याची उदाहरणे ढिगाने सोडवून घेतली गेली आणि मीटर हातात देणे राहून गेले.

हातात देणारी माणसे होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२० नंतर भावनगरच्या बालमंदिरात माँटेसोरीबाईंची पद्धत रुजवली. त्या साधनांत दहा लाकडी दांडे असतात; सर्वांत लहान १० सेंटिमीटरांचा, प्रत्येक पुढचा १० सेंटिमीटरांनी मोठा, शेवटचा पुरा एक मीटर. बाहेर गज आणि वार चालू असताना बालमंदिरातले मूल मीटर हाताळत होते. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू घेतल्या. मुद्दा साधनाच्या किमतीचा नव्हताच. मूल ते दांडे उतरत्या क्रमाने शेजारी शेजारी लावते, एका टोकाला सगळे समपातळीत ठेवते, आणि दुसऱ्या टोकाला पायऱ्या तयार होतात. आता हे चित्र भिंतीवर उभे करा. हा स्तंभालेख झाला!

हा केवळ माझा कल्पनाविलास नव्हे. स्तंभालेखाचा जनक विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा. वडील लवकर वारले. त्याचा मोठा भाऊ जॉन, जो पुढे नामांकित गणिती झाला, त्याला शिकवी. जॉनने धाकट्याला तापमापकाची रोजची नोंद ठेवायला लावली, आकड्यांऐवजी रेघांच्या लांबीत. आकड्याने सांगता येते ते रेघेनेही दाखवता येते, हे भावाने शिकवले असे विल्यमने नंतर स्वतः लिहून ठेवले. १७८६ मध्ये त्याचा व्यापारी नकाशासंग्रह निघाला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती होते, काळाची वळणरेषा काढता येईना, म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. आलेखाची ही कला अशी घरातल्या एका शिकवणीतून आली. लांबी मोजण्याच्या शिकवणीतून.

आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तकात लांबी एका धड्यात आणि आलेख दुसऱ्या धड्यात. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या २००६ च्या तिसरीच्या गणिताच्या पुस्तकात लांबीचा धडा चौथा होता आणि तक्त्यांचा तेरावा. मधल्या आठ धड्यांत मूल सगळे विसरते. मुलांची चूक दोन्हीकडे एकच असते. पट्टी मोजताना ते शून्याऐवजी एकवरून सुरू करतात, किंवा मधल्या जागा सोडून रेघा मोजतात. आलेखातही स्तंभ कुठून सुरू झाला ते न पाहता वरचे टोक तेवढे पाहतात. मोठी माणसेही जाहिरातीतला अर्धवट कापलेला आलेख पाहून फसतात, त्याचे कारण हेच.

म्हणून आपल्या शिशुवर्गांच्या बाईंना माझे एकच सांगणे आहे. जूनमध्ये सरळ कडांची, सपाट बुडाची काचेची बरणी गच्चीवर ठेवा. पाऊस ही लांबीच आहे. बरणीत साचलेल्या पाण्याची उंची म्हणजे त्या दिवसाचा पाऊस, म्हणून तर हवामान खाते तो मिलिमीटरमध्ये देते. मुलांनी रोज ठरल्या वेळी पट्टी लावून उंची मोजावी आणि तेवढ्याच लांबीची कागदी पट्टी कापून भिंतीवर चिकटवावी. सगळ्या पट्ट्यांची खालची टोके एकाच रेघेवर हवीत. पाऊस पडला नाही त्या दिवशी मूल म्हणेल, आज चिकटवायला काही नाही, उद्याची पट्टी याच जागी लावू. तिथे थांबवा, तारीख लिहायला लावा आणि वरची जागा कोरी राहू द्या.