साखळीपासून स्क्रिप्टपर्यंत

नागपूरहून हैदराबादच्या सडकेने दक्षिणेकडे निघाले की हिंगणघाट लागते. कापसाच्या बाजाराचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. नकाशाशी त्याचे नाते मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८०२ साली मद्रासेजवळ पाया मोजून, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत उत्तरेकडे निघालेला विल्यम लॅम्बटन हा इंग्रज मोजणी-अधिकारी, नागपूरच्या वाटेवर असता, जानेवारी १८२३ मध्ये याच गावी वारला.

एक बाजू साखळीने मोजायची, बाकीचे कोन यंत्राने घ्यायचे, अशी ती रीत. पण खरे काबाडकष्ट कागदावर होत. कोष्टके पुढ्यात घेऊन माणसे तोच हिशेब नव्या आकड्यांवर पुन्हा पुन्हा करीत. अशा माणसाच्या हुद्द्यालाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत, बरं का! १८३१ साली या खात्यात आलेले राधानाथ सिकदार हे त्यांतलेच. रीत एक, आकडे निराळे, एवढे ध्यानात ठेवा.

आता संगणकावरच्या नकाशाकडे वळू. अमेरिकी सैन्याच्या इंजिनियरांनी १९८२ पासून ‘ग्रास’ घडवले. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी ‘क्यूजीआयएस’ सुरू केले. दोन्ही विनामूल्य, आणि त्यांची आतली घडण कोणीही वाचावी, सुधारावी अशी उघडी. २००७ पासून क्यूजीआयएसला ‘पायथन’ भाषेत हुकूम देता येतात. हुकमांच्या त्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात.

समजा, तुमच्या गावच्या शेतांचा नकाशा संगणकात आहे. सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये, आपण बोलतो एकरात. चारशे शेतांचा हिशेब हाताने करायचा तर आठवडा जाईल, शिवाय चूक कुठे झाली ते कळायचे नाही. ‘प्लगइन्स’ या यादीतून पायथनची खिडकी उघडावी आणि सांगावे: निवडलेला थर घे, त्यातल्या प्रत्येक आकृतीचे क्षेत्रफळ काढ, ४०४७ ने भाग, उत्तर लिही. चार ओळी पुरतात. सारी किमया ‘प्रत्येक’ या शब्दात आहे. पायथनमध्ये तो ‘फॉर’ होतो, आणि त्याच्या हुकमतीतल्या ओळी थोड्या आत सरकवून लिहाव्या लागतात. नवशिका बहुधा इथेच अडखळतो.

दुसरी ठेच अधिक वाईट. नकाशा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असेल, तर हे साधे क्षेत्रफळही अंशांतच निघते, आणि एकराचा आकडा निरर्थक ठरतो. यंत्र तक्रार करीत नाही. चारशेही शेते चुकवून मोकळे होते! म्हणून नकाशा आधी मीटरच्या पद्धतीत आणावा. तिला ‘यूटीएम’ म्हणतात. नागपूर तिच्या ४४ व्या पट्ट्यात येते, अमरावती ४३ व्या. दोहोंची हद्द ७८ रेखांशावर, आणि लॅम्बटनची मुख्य त्रिकोणमालिका त्याच रेखांशाच्या आसपासून वर चढली होती, ही गंमत बघा.

गुरुजींनी मुलांना हे दाखवायचे झाले तर आधी एकच शेत घ्यावे, ज्याची मोजणी झालेली आहे असे. स्क्रिप्टचे उत्तर सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. फरक मोठा दिसला तर ओळी मुलांकडूनच एकेक मोठ्याने वाचून घ्याव्यात, आणि तो मिटल्यावरच पुढच्या शेताला हात घालावा.