पाण्याखालची सावड

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाला एक विचित्र त्रास होता. शत्रूच्या पाणबुड्या ऐकू याव्यात म्हणून पाण्यात माइक सोडले, तर त्यातून कढईत भजी तळल्यासारखा चट्-चट् आवाज. दिवसरात्र! कॅलिफोर्नियात मार्टिन जॉन्सन या सागरी जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेवटी चोर पकडला. बोटभर लांबीच्या कोळंब्या. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्यांचा निबंध छापून आला. तोवर या गोंगाटाचा पाणबुड्यांना लपायला आडोसा म्हणूनही उपयोग झाला होता.

ही पिस्तूल कोळंबी. तिचा एक नांगा भलताच मोठा असतो आणि तो मिटला की टिचकी वाजते. म्हणजे असं सगळे समजत होते. २००० साली जर्मन-डच संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा लावून पाहिलं तर नांग्यावर नांगा आपटून आवाज होतच नाही. नांगा मिटताना पाण्याची चिळकांडी सुटते, तिच्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पुढच्याच वर्षी कळलं की तो बुडबुडा फुटताना क्षणभर प्रकाशही पडतो आणि आतलं तापमान निदान ५,००० केल्विनपर्यंत जातं.

हे सगळं नेटवर कुठेही वाचायला मिळेल. मला जास्त रस आहे तो तिच्या काही बहिणींमध्ये, ज्या वाळूत बिळं करून राहतात, आणि त्यांच्या बिऱ्हाडातल्या माशात. त्याचं नाव गोबी. (फ्लॉवर नव्हे!) मुंबई-रायगडच्या खाड्यांतली निवटी ही याच्याच भाऊबंदांतली.

या कोळंबीची नजर जवळजवळ कामातून गेलेली. दिवसभर ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बिळाबाहेर आणत असते, कारण बीळ सारखं ढासळतं. बाहेर आली की तिची एक लांब मिशी माशाच्या अंगावर टेकलेली असते. मासा दारात बसून चहूकडे बघतो. त्याने शेपटी जराशी फडफडवली की कोळंबी थबकते नाहीतर मागे सरते. मासा डोकं खाली घालून आत पळाला तर ती आधीच आत असते. रात्री दोघं एकाच बिळात. माशाला स्वतःला बीळ खणता येत नाही, आणि उघड्या वाळूवर लपायला दुसरी जागा नाही.

आमच्या देगलूरकडे, जिथून दोन्हीकडचे समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडे आहेत, या व्यवहाराला नेमका शब्द आहे: सावड. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची पेरणी. आणि ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदारही तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'सिम्बायोसिस' म्हटलं की उगाच प्रयोगशाळेचा वास येतो.

आता खरी गंमत. हे दोघे विज्ञानाला काही नवे नव्हते. फाब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने मलबारच्या नावाची एक पिस्तूल कोळंबी १७७५ सालीच नोंदवून ठेवली होती. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ मध्ये 'द फिशेस ऑफ इंडिया' हा प्रचंड ग्रंथ काढला, त्यात गोबींच्या कितीतरी जाती आहेत. मग जोडी का नाही दिसली? कारण जाळ्यात सगळं एकत्र वर येतं आणि मग वेगळं केलं जातं. मासे माशांच्या कपाटात, कोळंब्या कवचधाऱ्यांच्या कपाटात, प्रत्येकाच्या बरणीला आपापली चिठ्ठी. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं व्यवस्थित भरली, मधली फॉरेन की कुणी टाकलीच नाही. बरणीतल्या कोळंबीला मिशी आहे, पण ती कुणाला टेकली होती ते बरणीत उरत नाही.

ते बघायचं तर पाण्यात उतरून गप्प बसायला हवं. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग बनवलं आणि हळूहळू ते शक्य झालं. लुथर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचा तांबड्या समुद्रातल्या जोडीवरचा निबंध १९५८ चा आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं १९५१ साली, म्हणजे त्याच्याही आधी ७ वर्षं. पुढे इस्रायलच्या इलान कारप्लुस यांनी याच समुद्रात मिशी-शेपटीची ही भाषा बारकाईने मांडली. आज या सावडीत शंभराहून जास्त जातींचे गोबी ठाऊक आहेत.

पण डायव्हरलाही बिळाच्या तोंडापुरतंच दिसतं. आतलं दिसायला काच लागते. घरच्या टाकीत कोळंबी बरेचदा काचेला लागूनच बोगदा काढते आणि अख्खा संसार उघडा पडतो. हौशी लोकांची आवडती जोडी म्हणजे पिवळा गोबी, ज्याला दुकानात 'वॉचमन' असंच म्हणतात, आणि पट्टेरी 'टायगर' कोळंबी. दुकानात दोघे वेगवेगळ्या टाक्यांत, वेगवेगळ्या किमतीला. पुन्हा तेच बरणीचं गणित! घरी आणून सोडले की बहुतेकदा एकमेकांना शोधून काढतात. टाकीत शत्रू नसेल तर गोबी कोळंबीशिवायही मजेत जगतो, पण तो नुसता पिवळा मासा असतो.

आणि बिळात नुसती झोप चालत नाही. २०१७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की गोबी बिळात विष्ठा टाकतो आणि कोळंबीचं पोट बऱ्याच अंशी त्यावर चालतं. म्हणजे इतकी वर्षं ज्याला आपण फक्त राखणदार समजत होतो, तो घरात शिधाही भरत होता.

आपल्याकडे २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांत फिरवून किनाऱ्यावरचे जीव दाखवू लागली. कधी गेलात तर डबक्यापाशी कॅमेरा जरा खाली ठेवा आणि पाच मिनिटं नुसते बसून राहा. चट् असा आवाज आला तर आधी त्याच्या शेजारी कोण आहे ते बघा.