‘टायटॅनिक’मधील खरे प्रसंग

आपल्या छत्रपती संभाजीनगराला समुद्र नाही. आपले मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. तरीही ‘टायटॅनिक’ हा इंग्रजी चित्रपट ठाऊक नाही अशी भगिनी आपल्यात विरळाच. जेम्स कॅमेरून यांचा हा चित्रपट १९९७ साली निघाला आणि त्याला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. जहाजाच्या टोकावर हात पसरून उभी असलेली रोझ आणि तिच्यामागे जॅक, हा देखावा मुलींनाही पाठ आहे. पण ही जोडी कल्पनेतली आहे. मला आवडतात ते इतिहासाचा आधार असलेले प्रसंग.

१० एप्रिल १९१२ रोजी हे जहाज इंग्लंडमधील साउथॅम्प्टनहून अमेरिकेस निघाले. १४ तारखेच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर आदळले आणि २ वाजून २० मिनिटांनी तळाला गेले. माणसे २२०० हून अधिक, होड्या मात्र २०, त्यांत जागा ११७८ जणांची! सुमारे १५०० जीव गेले.

पहिला प्रसंग वादकांचा. घबराट उडाली असता ते शांतपणे वाजवीत राहतात. खरोखरच ८ वादक होते आणि आठही बुडाले. त्यांचा प्रमुख वॉलेस हार्टली ३३ वर्षांचा होता. त्याचे लग्न ठरले होते आणि त्याचे व्हायोलिन ही वाग्दत्त वधूने दिलेली भेट होती. ते व्हायोलिन पुढे सापडले व २०१३ साली ९ लाख पौंडांना विकले गेले.

दुसरा प्रसंग वृद्ध जोडप्याचा. खोलीत पाणी शिरते आहे आणि दोघे एकमेकांना बिलगून पलंगावर पडली आहेत. हे इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस. पतीला सोडून होडीत बसण्यास आयडाबाईंनी नकार दिला आणि आपला उबदार कोट मोलकरणीस देऊन तिला होडीत बसविले. मोलकरीण वाचली. ही दोघे शेवटी डेकवर एकत्र दिसली होती. पलंग चित्रपटाचा, निष्ठा मात्र खरी.

तिसरा प्रसंग पाहवत नाही. खालच्या वर्गातील एक आई मुलांना गोष्ट सांगत निजविते. चौकशीतील आकडे पाहा : पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी अवघ्या ७६. स्त्रिया आणि मुले आधी, हा नियम सर्वांना सारखा लागला नाही.

जेम्स हॉर्नर यांच्या संगीतात एका स्त्रीचा शब्दावाचून आलाप आहे. इंग्रजी न कळणारीलाही तो कळतो, कारण दुःखाला भाषा लागत नाही.

तो ऐकताना मला आपल्याच किनाऱ्यावरील ‘रामदास’ आगबोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असता, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. टायटॅनिकवर बिनतारी संदेशयंत्र होते. त्याची हाक ऐकून ‘कार्पेथिया’ जहाज धावून आले आणि सातशेंवर माणसे वाचली. ‘रामदास’वर तसे यंत्र नव्हते. बातमी मुंबईस पोचण्यातच कित्येक तास गेले. जे थोडे वाचले, त्यांतील पुष्कळांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले.

कोळ्यांच्या त्या होड्या कोणत्याही ऑस्करच्या चित्रपटाइतक्याच मोलाच्या आहेत. सातासमुद्रापलीकडील बोटीसाठी आपण डोळे पुसले, त्यात गैर काही नाही. पण मुलांना ‘टायटॅनिक’ची गोष्ट सांगाल तेव्हा तिच्याजोडीला ‘रामदास’चीही सांगा.