टिंब वर की खाली

पेण स्थानकावर रोह्याची गाडी यायला अजून वेळ आहे. बाकावर बसून तुम्ही फोनवर गाणं शोधताय. नखाएवढ्या चौकोनात गायिकेचा चेहरा येतो आणि नीट बघायच्या आत तुमचा अंगठा त्याला वर ढकलतो. फोन खिशात ठेवा. डोळे मिटा. फलाट, सिग्नल, रूळ, सगळं पुसून जाऊ द्या. आपल्याला जायचंय तिथे रूळ अजून यायचे आहेत.

१९५५ सालचा श्रावण. पेण, जिल्हा कुलाबा. धरमतरला लाँचमधून उतरून एसटीने आलात, म्हणून चपलांना खाडीचा चिखल आहे. गल्लीत शिरताच ओल्या शाडूचा वास येतो. ओसरीवर, पडवीत, जिन्याखाली गणपती वाळताहेत. एका पाटापुढे आखणी करणारा कारागीर बसलाय. तो श्वास धरतो, पापणीची रेघ ओढतो, मग श्वास सोडतो. जरा थांबून बघा. इतका वेळ जी माती होती ती आता तुमच्याकडे बघतेय.

पेणची पोरं हे बघत मोठी होतात. त्यांच्या हाती कॅलेंडर द्या, दिवाळी अंक द्या, साबणाचं वेष्टन द्या, नजर आधी डोळ्यांवर जाते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं या दिवसांत घराघरांत पोचली आहेत. त्यातली आखणी कशी उतरलीय हे सांगण्याचा पहिला मान पेणकराचा, असं मी मनापासून मानतो.

पलीकडच्या घरातून पेटी ऐकू येतेय. आत जा. सतरंजीवर पाच-सहा मुलं बसली आहेत आणि त्यातलं एक तुम्ही आहात. वय तेरा. गाण्याच्या प्रवेशिकेची परीक्षा द्यायचीय. पोस्टमन नुकताच एक गुंडाळी टाकून गेलाय. वरच्या कागदावर गुरुजींचं नाव आणि खाली ‘पेण, जि. कुलाबा’. आत ‘संगीत कला विहार’चा अंक.

“गुरुजी, मी उघडू?”

“आधी हात धुऊन ये. शाडूचे हात लावू नकोस त्याला.”

तुम्ही हात धुऊन, सदऱ्याला पुसून येता. विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली गेले, त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि १९४७ पासून त्या मंडळाचं हे मासिक निघू लागलं. प्रा. बी. आर. देवधरांनी त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. स्वतः पलुस्करांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू आणि घराण्याची भिंत न मानता उस्तादांच्या पायाशी जाऊन बसणारा माणूस. त्यांनी मोठमोठ्या गवयांवर लिहिलेले लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आले. पेणच्या मुलाने गवई ऐकलाय तो कुणाच्या तरी घरच्या रेडिओवर, खरखरीतून. तो कसा दिसतो, मांडी कशी घालतो, शिकवताना कुणावर कसा चिडतो, हे त्याला कागदच सांगू शकतो. म्हणून गवयाचा फोटो छापलेला दिसला की तुम्ही पान उलटत नाही. डोळे बघत बसता.

गुरुजी मात्र ते पान ओलांडून थेट नोटेशनपाशी जातात. ते वाचत नाहीत, गुणगुणतात. डावा हात मांडीवर ताल धरतो. माझ्या मते संगीताच्या मासिकाची खरी रचना इथे आहे. मुखपृष्ठ वाचकाला जवळ बोलावतं, पण कागदावरून सूर ऐकू आला तरच तो पुढच्या महिन्याची वाट बघतो. आणि सूर ऐकू येणं कधी कधी एका टिंबावर अवलंबून असतं.

गुरुजींच्या फडताळातून गाणं कागदावर लिहायच्या दोन पद्धतींची दोन पुस्तकं काढा. एक पलुस्करांचं, एक भातखंड्यांचं. शेजारी शेजारी ठेवा. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब असतं आणि तार सप्तकातल्या स्वरावर. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे अक्षरावरचं तेच टिंब एका मुलाला वर चढवतं आणि दुसऱ्याला खर्जाकडे उतरवतं. तालाचंही तसंच. पलुस्करांच्या पानावर + ही ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देता सोडलेल्या मात्रेची खूण. तीच थोडी कलती करा, × झाली की भातखंड्यांच्या पानावर ती सम. पान उघडताक्षणी मुलाला कळतं, हे माझ्या भाषेतलं आहे की नाही. कुठल्याही रंगीत चित्राला इतक्या झटकन आपला वाचक ओळखता येणार नाही.

आणखी एक गंमत हातभर अंतरावरून बघा. भूपाचं पान स्वच्छ असतं. त्यातले पाचही स्वर शुद्ध, त्यामुळे स्वराची जात सांगणारी एकही खूण नाही. नवशिक्या मुलाला ते पान घाबरवत नाही, ये म्हणतं. भैरवीचं पान भातखंडे पद्धतीने छापलेलं असेल तर रे, ग, ध, नि यांच्याखाली आडव्या रेघा पडलेल्या असतात. एकही अक्षर न वाचता, नुसत्या त्या रेघांच्या दाटीवरून भैरवी ओळखता येते. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराचा पाय मोडतात, शिवाय मात्रेची खूण प्रत्येक स्वराखाली. पान भरगच्च होतं, डोळा रेंगाळतो. माझं मन भातखंड्यांच्या मोकळ्या पानाकडे ओढ घेतं, पण ज्याने लहानपणी दुसरं पान गिरवलंय त्याला तीच दाटी घरासारखी वाटत असणार.

आता एका छापखान्यात डोकवा. कंपोझिटर उभ्याने खिळे जुळवतोय. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार खण, प्रत्येकात चार स्वर, खाली बोल. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबलं तर अवग्रह. गोष्ट जुळवताना एखादा खिळा सरकला तर वाचक चूक समजून घेतो. इथे सरकला तर समेचं अक्षर दुसऱ्या मात्रेवर जातं आणि पेणमध्ये एक मूल महिनाभर चुकीचं घोटत बसतं. त्याला शेजारी बसून दुरुस्त करणारा गवई गावात नाही. त्या मुलासाठी सरळ रेषेत उभे राहिलेले चार खण हेच मासिकाचं देखणेपण.

वाचक ओळखणारे तिकडेही होते. हाथरसहून प्रभुलाल गर्ग, म्हणजे काका हाथरसी, १९३५ पासून ‘संगीत’ हे हिंदी मासिक काढत होते. त्यांच्याच संगीत कार्यालयाने सिनेमाच्या गाण्यांचं नोटेशन देणारं ‘फिल्म संगीत’ही काढलं. ज्याला विशारद व्हायचं नाही, पण ऐकलेलं गाणं संध्याकाळी पेटीवर वाजवायचंय, त्याच्यासाठी वेगळा अंक. एकाच घराने दोन वाचक इतके नीट ओळखले याचं मला कौतुक वाटतं.

रोह्याकडे निघताना १९६७ वरून जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ या संगीत-नियतकालिकाचा पहिला अंक निघालाय. मुखपृष्ठावर जॉन लेनन, डोक्यावर सैनिकाचं शिरस्त्राण, गोल चष्मा. पेणचा आखणी करणारा इथेही आधी काचांमागे बघेल.

१९८७. रोहा. जिल्ह्याचं नाव आता रायगड. रूळ इथवर आलेत आणि इथेच संपतात. मंगळूरकडची कोकण रेल्वे अजून व्हायचीय. बाजारात कॅसेटचं दुकान आहे. कपाटात कॅसेटी कडेने रचल्यात, म्हणून करंगळीएवढ्या पट्टीवर मावेल तेवढंच नाव दिसतं. दर्शनी मांडलेल्या कोळीगीतांच्या कॅसेटवर होडी, भजनाच्या कॅसेटवर विठ्ठल. गिऱ्हाईक वाचत नाही, बोट ठेवतं.

संध्याकाळी भजनाला चला. पखवाजाला कणीक लागतेय, टाळ वाटले जाताहेत. बुवांपुढे एक वही आहे, कोपरे तेलकट, शिवण सुटलेली. प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर निळ्या शाईत लिहिलंय: चाल, आणि पुढे एखाद्या जुन्या गाण्याचं नाव. टिंब नाही, रेघ नाही, मात्रा नाही. तरी पेटीवाला ती ओळ बघतो आणि बोटं बरोबर पट्टीवर पडतात. संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदांवर अशीच चाल छापलेली असायची.

“बुवा, या चालींचं छापील काही मिळतं का?” तुम्ही विचारता.

“आमच्या चालींचं कोण छापणार?”

मला हे वाक्य लागतं. पेटी, पखवाज, वही घेऊन आठवड्याला जमणारी इतकी माणसं, आणि त्यांना आपलं वाटेल असं पान माझ्या तरी पाहण्यात नाही. मोठा टाइप, कारण उजेड कमी आणि वही चौघांत एक. अभंग एका पानावर पुरा मावलेला, कारण टाळ धरलेल्या हाताने पान उलटता येत नाही. डोक्यावर चाल. तिच्याखाली, ज्याला हवं त्याच्यासाठी, स्वरांची एक ओळ. असा अंक निघाला तर मी पहिला वर्गणीदार होईन.

डोळे उघडायला हरकत नाही, पण अजून क्षणभर थांबा. बुवांनी पान उलटलंय. शेजारचा मुलगा मान पुढे काढून निळी ओळ वाचतो, चालीचं नाव पुटपुटतो आणि पेटीवाल्याकडे बघतो. पेटीवाल्याने भाता उचललाय.