जुन्या विलायती दुनळी बंदुका : लिलाव, परवाना आणि आयात

ब्रिटनमधील लिलावात एखादी साधी, बर्मिंगहॅमची जुनी दुनळी बंदूक काही शे पौंडांत मिळते. तीच बंदूक भारतात विकत घ्यायची झाल्यास किंमत अनेक पटींनी चढलेली असते. हिंजवडीतून कामानिमित्त ब्रिटनला जाऊन काही वर्षांनी परतणाऱ्या एखाद्या अभियंत्याला या तफावतीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र लिलावात हात वर करण्यापूर्वी भारतीय कायदा वाचणे आवश्यक आहे. अन्यथा बंदूक विमानतळावरच जप्त होते आणि मागे खटला लागतो.

प्रथम वस्तूविषयी. छऱ्यांची बंदूक 'बारा बोअर'ची असते म्हणजे तिच्या नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. लंडनचे पर्डी (१८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५) आणि बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स (१८१२) ही यातील प्रतिष्ठित घराणी. बाजूच्या पट्ट्यांवर यंत्रणा बसवलेली 'साइडलॉक' बंदूक महाग. तर १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी पेटंट घेतलेली 'बॉक्सलॉक' रचना सुटसुटीत व स्वस्त ठरली. संस्थानिकांनी आणि साहेबांनी अशा बंदुका भारतात मोठ्या प्रमाणावर आणल्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीच्या खुणा आजही पाहता येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला, बंदुका मात्र घराघरांतून उरल्या.

लिलावाच्या यादीत देखण्या नक्षीपेक्षा चाचणीचे शिक्के पाहावेत. ब्रिटनमध्ये लंडन व बर्मिंगहॅम येथील 'प्रूफ हाऊस'मध्ये प्रत्येक नळी जादा दाबाने तपासली जाते, आणि चाचणीबाह्य झालेली बंदूक विकणे तेथे १८६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली 'दमास्कस' नळी डोळ्यांना सुखावते. पण ती आधुनिक धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये. नळीच्या भिंतीची जाडी, आतील खड्डे, जुन्या मुळाशी नव्या नळ्या जोडल्या आहेत का, हे सारे माहितीपत्रकात लिहिलेले असते. नसेल तर लेखी विचारावे. क्रमांकावरून निर्मात्याच्या जुन्या नोंदवहीत पहिला मालक व वर्षही अनेकदा सापडते. हातोडा पडल्यावरची किंमत अंतिम नसते, तिच्यावर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतो.

काडतुसाची लांबी हा आणखी एक कळीचा मुद्दा. जुन्या बंदुकांची खोबण बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात सहज शिरते, पण उडताना उलगडण्यास जागा न मिळाल्याने दाब वाढतो. आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) बारा बोअरची काडतुसे बनत आली आहेत. खोक्यावरील लांबी बंदुकीशी पडताळून घ्यावी.

आता आयात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशातून बंदूक मागवण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे, ती संग्राहकांच्या उपयोगाची नाही. उरते ती एकच अरुंद वाट : परदेशातील वास्तव्य संपवून किमान एक वर्षासाठी भारतात राहावयास येणाऱ्यास सामानासोबत अनुज्ञेय बोअरची एक बंदूक आणता येते. ती परदेशात किमान वर्षभर त्याच्या ताब्यात व वापरात असावी लागते, भारतातील परवाना हाती असावा लागतो आणि सीमाशुल्क भरावे लागते. शिवाय आणणाऱ्याच्या हयातीत ती विकता, उसनी देता वा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे ब्रिटनमध्ये पोलिसांकडून शॉटगन प्रमाणपत्र घेऊन खरेदी परतण्याच्या किमान एक वर्ष आधी व्हावी. निघण्याच्या आठवड्यात केलेली खरेदी या अटीत बसत नाही, आणि लंडनहून निघताना तिकडचा निर्यात परवाना लागतो तो वेगळाच. नफ्याचा हिशोब करून येणाऱ्यांनी येथेच थांबावे, असे आमचे मत.

हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते. परवान्याचा अर्ज तेथे जातो. पोलीस चौकशी आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण यांत महिने जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवता येतात आणि आजोबांकडून वारशाने आलेली बंदूकही या मोजणीत धरली जाते. घरात आधीच दोन असतील, तर तिसरीला जागा नाही.

यापेक्षा देशातच जुनी विलायती बंदूक घेणे अनेकांना सोपे जाते. विक्रेता व खरेदीदार दोघांकडे परवाना हवा, आणि खासगी व्यवहारात विक्रेत्याने अधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. उलट दिशेने मात्र सावध राहावे : शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ती लंडनच्या लिलावासाठी देशाबाहेर नेता येत नाही.