लोकसंग्रह
फलाशा सोडून समाजधारणेसाठी कर्म करीत राहण्याचे गीताप्रणीत तत्त्व. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक २० व २५) जनकाच्या दाखल्याने ते येते. केवळ स्वतःपुरते रांधणाऱ्यास तेथेच पापभोजी ठरविले आहे (पहा : यज्ञ). मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी केवळ स्वार्थ, दूरदर्शी स्वार्थ व स्वार्थ-परार्थांची सांगड घालणारा उभयवाद यांची क्रमवार छाननी करून, बाह्य सुखाच्या मोजमापाऐवजी कर्त्याच्या साम्यबुद्धीस नीतीचे अधिष्ठान मानले. ज्ञानोत्तर कर्मसंन्यास मानणाऱ्या शांकर भाष्याशी त्यांचा मुख्य विरोध ज्ञानानंतरही लोकसंग्रहार्थ कर्म करावे की नाही या मुद्द्यावर आहे (पहा : कर्मयोग). अरविंद घोष यांनी स्वार्थाच्या मुळाशी असलेल्या अहंकारास जड, प्राण व मन या उत्क्रांतिक्रमातील तात्पुरती अवस्था मानून तिचे अतिक्रमण साधनेकडे सोपविले (पहा : पूर्णयोग).